कोकणातल्या मुक्कामासाठी स्वस्त तंबू: पाण्याआधी हवा बघा

तंबू घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न पावसाचा विचारतो. वॉटरप्रूफ आहे ना? दुकानदार हो म्हणतो, वेष्टणावर ३००० मिमी असा आकडा छापलेला असतो आणि व्यवहार होतो. कोकणात बहुतेक मुक्काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत होतात, आणि तरीही सकाळी उठावं तर स्लीपिंग बॅगचं टोक ओलं, उशाशी ठेवलेला शर्ट दमट, छतावरून थेंब पडतायत. पाऊस पडलेला नसतो आणि तंबू गळलेलाही नसतो. ते पाणी दवाचं आणि झोपलेल्यांच्या श्वासाचं असतं. म्हणून मोजक्या पैशांत तंबू घ्यायचा तर इथल्या हवेचा विचार आधी करावा लागतो. आत हवा कशी खेळते ते पहिलं, मग शिवण, मग पोल. वॉटरप्रूफचा आकडा त्यानंतर.

पावसाळ्याचं एकदा स्पष्ट सांगून टाकू. जून ते सप्टेंबर कोकण किनाऱ्यावर पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर त्याच्या दुपटीहून जास्त. या पावसात, त्यातही वाऱ्याबरोबर आडव्या येणाऱ्या झडीत, चार-पाच हजारांचा तंबू टिकत नाही. त्या चार महिन्यांत गावात, देवळाच्या धर्मशाळेत किंवा घरगुती खोलीत राहावं. पुढचं सगळं ऑक्टोबरअखेर ते मे या काळासाठी आहे.

ओलावा येतो कुठून

झोपलेला माणूस रात्रभरात श्वास आणि घाम मिळून साधारण पाव लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर टाकतो. दोघे असले की अर्धा लिटर. ही वाफ बाहेर जायला वाट नसेल तर ती थंड कापडावर जाऊन बसते. कापड थंड का होतं? निरभ्र रात्री तंबूचं वरचं कापड आपली उष्णता सरळ उघड्या आकाशाकडे सोडत राहतं, त्यामुळे ते भोवतालच्या हवेपेक्षाही थोडं जास्त गार होतं. किनाऱ्यावरची हवा मुळात इतकी दमट असते की तिला तेवढा फरक पुरतो. बाहेरून दव, आतून वाफ, आणि कापड दोन्ही अंगांनी निथळायला लागतं.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली फुकट आहे: झाडाच्या आडोशाला तंबू लावा. वर फांद्यांचं छत असलं की कापड आकाशाकडे तेवढी उष्णता सोडत नाही आणि दव बरंच कमी पडतं. सुरूचं बन त्यासाठी चांगलं, फक्त वर वाळलेली फांदी अडकलेली नाही ना ते मान वर करून बघा, आणि खाली सुरूच्या सुया पडलेल्या असतील तिथे चूल पेटवू नका. आंब्याखाली बसायचं तर बागवाल्याला विचारून, आणि लाल मुंग्यांची घरटी बघून. माडाखाली मात्र कधीच नाही. नारळ काय किंवा वाळलेली झाप काय, खाली यायला वारा लागत नाही, आणि तंबूचं कापड त्यांना अडवू शकत नाही.

दुसरी गोष्ट पैशांची आहे: तंबू दोन थरांचा असायला हवा.

एक थर की दोन

दोन थरांच्या तंबूत आतला तंबू जाळीचा असतो, म्हणजे इनर. त्याला खाली पाणी न शिरणारी जमीन शिवलेली असते. त्याच्यावर वेगळं, जमिनीपर्यंत येणारं कापड ताणतात, ते फ्लाय. या दोहोंत किमान चार बोटांची फट राहायला हवी. वाफ जाळीतून बाहेर पडते, फ्लायच्या आतल्या अंगाला लागून थेंब होते आणि घरंगळत खाली जमिनीत मुरते. आत झोपलेल्याच्या अंगावर ती येत नाही. फ्लाय सैल पडून इनरला चिकटला की मात्र हीच वाफ परत आत येते, आणि लोक म्हणतात तंबू गळतो.

ऑनलाइन हजार ते दोन हजारांत मिळणारे बहुतेक तंबू एकाच थराचे असतात. वर छोटी टोपी, बाजूला उघडी कापडी भिंत, एखादी जाळीची खिडकी. भिंतीला पाण्याचा लेप असला तर आत वाफ कोंडते. नसला तर पहिल्या सरीत भिंत झिरपते. अंगणात मुलांना खेळायला किंवा किनाऱ्यावर दुपारच्या सावलीला ते ठीक आहेत. रात्रीच्या मुक्कामाला घेऊ नका. हवेत भिरकावला की आपोआप उघडणारा तंबूही शक्यतो टाळा: तो बहुधा एकाच थराचा असतो, घडी केल्यावर मोठ्या परातीएवढं चकतं होतं जे सॅकला बांधून झाडीतून चालता येत नाही, आणि त्याची तारेची चौकट वाकली की ती गावात कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

सध्या दोन माणसांचा, दोन थरांचा, फायबरग्लास पोलचा घुमटाकार तंबू ढोबळमानाने अडीच ते पाच हजारांत मिळतो. ॲल्युमिनियम पोलचे आणि हलके तंबू त्याच्या बरेच वर, सात-आठ हजारांपासून पुढे. कोकणासाठी पहिला गट पुरतो, आणि एका बाबतीत तर तो महागड्यापेक्षा सरस आहे. स्वस्त तंबूंचं कापड पॉलिएस्टर असतं, महाग हलक्या तंबूंचं बहुधा नायलॉन. नायलॉन ओलं झालं की ताणतं. संध्याकाळी ताठ लावलेला फ्लाय मध्यरात्री दवाने ओघळतो. पॉलिएस्टर फारसं ताणत नाही, आणि किनाऱ्यावरच्या कडक उन्हालाही ते नायलॉनपेक्षा जास्त दिवस तोंड देतं. हलकेपणाची किंमत मोजायची असेल तर मोजा, पण किनाऱ्यापुरतं साधं पॉलिएस्टरच कामाचं.

इनरमध्ये जाळी किती आहे तेही बघा. निम्म्याहून जास्त इनर जाळीचा हवा. चार ऋतूंचा म्हणून विकला जाणारा तंबू बर्फासाठी बनवलेला असतो, त्यात जाळी कमी आणि कापड जास्त. गुहागरला डिसेंबरात त्यात झोपाल तर पहाटेपर्यंत घामाने भिजाल. जाळी बारीक विणीची घ्या. डास मोठ्या भोकांनाही अडतो, पण खाडीकाठची आणि ओल्या वाळूतली चिलटं अडत नाहीत. जाळीवर तळहात ठेवून डोळ्यांजवळ धरा: भोकं एकेक करून सहज मोजता येत असतील तर चिलटं आत येतील.

फ्लायला वरच्या बाजूला, शक्यतो समोरासमोर, दोन झरोके हवेत. किनाऱ्यावर दिवसा वारा समुद्राकडून येतो, तो सूर्यास्ताच्या सुमाराला पडतो, आणि रात्र चढली की जमिनीकडून समुद्राकडे हलका वारा सुरू होतो. तंबूचे दरवाजे किंवा झरोके पूर्व-पश्चिम ठेवले तर दोन्ही वारे आरपार जातात. झरोके थंडीतही बंद करायचे नाहीत. थंडी वाजली तर एक चादर जास्त घ्या.

मिलिमीटरचा आकडा म्हणजे काय

कापडावर उभी नळी धरून तिच्यात पाणी चढवत जातात. कितव्या मिलिमीटरला कापडातून थेंब डोकावायला लागले तो आकडा वेष्टणावर छापतात. १५०० मिमी म्हणजे दीड मीटर उंच पाण्याचा दाब ते कापड सोसतं. फ्लायवर पाणी साचत नाही, उतारावरून वाहून जातं, त्यामुळे फ्लायला १५०० ते २००० पुरेसे आहेत. परतीच्या पावसाची किंवा मे महिन्यातल्या वळवाची सर त्यात निभते.

जमिनीचं गणित वेगळं. साठ किलोचा माणूस गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही गुडघे मिळून शंभर चौरस सेंटिमीटर जागा टेकली, तर तिथे दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलो दाब पडतो. पाण्याच्या भाषेत हा सहा मीटर, म्हणजे ६००० मिमी. म्हणून खाली चिखल असेल तर ३००० लिहिलेल्या जमिनीतूनही गुडघ्याखाली ओल वर येते. त्यात तंबूचा दोष नसतो. फोमची चटई टाकली की भार पसरतो आणि ओल थांबते. जमिनीचं कापड कडेने चार-सहा बोटं वर चढून मग शिवलेलं असावं, घमेल्याच्या काठासारखं. शिवण जमिनीलगत आली असेल तर वाहतं पाणी सरळ तिच्यातून आत येणार.

स्वस्त तंबूंत जमीन कधीकधी ताडपत्रीसारख्या विणलेल्या पॉलिथीनची असते. वजनाला जड, घडीला आडमुठी, पण जांभ्यावर टिकाऊ. गाडीने जाऊन मुक्काम करणाऱ्यांनी ती बिनदिक्कत घ्यावी. वेष्टणावरचे १७०टी, १९०टी हे आकडे इंचातल्या धाग्यांची संख्या सांगतात, त्यावरून पाणी अडेल की नाही ते कळत नाही.

शिवण

स्वस्त तंबू गळतो तो कापडातून क्वचित, शिवणीतून बहुतेकदा. सुईचं प्रत्येक छिद्र पाण्याला वाट देतं. म्हणून फ्लायच्या आतल्या बाजूला शिवणीवर पारदर्शक पट्टी गरम दाबून चिकटवलेली असते. दुकानात फ्लाय उलटा करा आणि ही पट्टी बोटाने शेवटपर्यंत चाचपत जा. दोन शिवणी एकमेकींना छेदतात तिथे, झरोक्याभोवती आणि ताणाची दोरी बांधायच्या फाशांपाशी पट्टी बऱ्याचदा सुटलेली असते किंवा लावलेलीच नसते. कापड उजेडासमोर धरलं की टाक्यांच्या भोकांतून प्रकाश दिसतो, तेही बघून घ्या.

घरी आणल्यावर पहिलं काम: अंगणात किंवा गच्चीवर तंबू लावायचा, आत कोरडी वर्तमानपत्रं अंथरायची आणि बागेच्या नळीने वरून दहा मिनिटं पाणी सोडायचं. जिथला कागद ओला तिथली शिवण कच्ची. फ्लाय पूर्ण वाळवून त्या शिवणीला आतून शिवण-सीलर लावा. बाटलीवर काय लिहिलंय ते नीट वाचा. पॉलिएस्टरला बहुतेक पॉलियुरेथेनचा लेप असतो, त्याला पॉलियुरेथेनचाच सीलर लागतो. सिलिकॉनच्या लेपावर फक्त सिलिकॉन चिकटतं, दुसरं काहीही सोलून निघतं. पातळ थर ब्रशने द्या, एक दिवस सुकू द्या, दुसरा थर द्या. चिकटपणा राहिला तर वर थोडी टाल्कम पावडर फिरवा म्हणजे घडी करताना कापड कापडाला धरणार नाही. हे एवढं केलेला तीन हजारांचा तंबू न केलेल्या सहा हजारांच्या तंबूला मागे टाकतो.

माप आणि वजन

दोन माणसांचा तंबू म्हणजे दोन चटया एकमेकींना चिकटून, सामान बाहेर. चटई ५० ते ६० सेंटिमीटर रुंद असते आणि अशा तंबूची रुंदी १३० ते १४०. सॅक आत घ्यायच्या असतील, किंवा बरोबर मूल असेल, तर तिघांचा घ्या. लांबी बघताना आपल्या उंचीत ३० सेंटिमीटर मिळवा. भिंती आत झुकलेल्या असतात, आणि पाय किंवा डोकं भिंतीला टेकलं की तिथे ओल आलीच. तंबू लावून दाखवत असतील तर दुकानातच आत आडवं होऊन बघा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

अडीच-तीन किलोचा तंबू ट्रेकला जड वाटतो, पण दोघांत वाटला तर चालतो: एकाने फ्लाय आणि खुंट्या, दुसऱ्याने इनर आणि पोल. डोंगरात चालणाऱ्याच्या वाट्याला दीड किलोपेक्षा जास्त येऊ नये. किनाऱ्यावर गाडी जवळ उभी राहणार असेल तर वजनाचा विचार सोडा आणि त्या पैशात मोठा, उंच, हवेशीर तंबू घ्या.

पोल

फायबरग्लासचा पोल वाकून मोडत नाही, तो लांबीत चिरतो, तेही बहुतेक धातूच्या नळीच्या तोंडाशी, जिथे एक तुकडा दुसऱ्यात बसतो. कारण एकच: तुकडा पूर्ण आत न बसवता पोलला बाक देणं. पोल जोडताना प्रत्येक सांध्यावर बोट फिरवून फट नाही ना ते बघा. आतल्या रबरी दोरीच्या भरवशावर पोल झटकून जोडू नका. खोळीतून पोल नेहमी ढकलत न्यायचा. ओढलात तर मधले सांधे सुटतात. काढतानाही ढकलूनच. घडी मधल्या सांध्यापासून सुरू करा, म्हणजे रबरी दोरी दोन्ही बाजूंना सारखी ताणली जाते.

चिरलेला फायबरग्लास उघड्या हाताने धरू नका, त्याच्या काचेच्या कुसळी कातडीत शिरतात आणि दिसत नाहीत. चिरेवर बसेल अशी दहा-बारा सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची नळी आणि कापडी चिकटपट्टी सॅकमध्ये ठेवा. नळी नसेल तर दोन बाजूंना दोन खुंट्या ठेवून पट्टी घट्ट गुंडाळा, रात्र निघते. पोलची जाडी ७.९ किंवा ८.५ मिलिमीटर अशी मोजून लिहून ठेवा. सुटे तुकडे ऑनलाइन मिळतात, पण जाडी जुळली पाहिजे.

घुमटाकार, म्हणजे दोन पोल एकमेकांना छेदून आपल्या पायावर उभा राहणारा तंबूच घ्या. बोगद्यासारखे किंवा चालायच्या काठीवर उभे राहणारे तंबू खुंट्यांच्या जोरावर उभे असतात, आणि कोकणात खुंटी ठोकायला धड जमीन मिळेलच असं नाही. एकीकडे वाळू, दुसरीकडे कातळ.

वाळूत आणि सड्यावर

तंबूबरोबर येणाऱ्या तारेच्या बारीक खुंट्या शेतात, बांधावर, गवताच्या मैदानात चालतात. सुक्या वाळूत त्या लोण्यात सुरी जावी तशा जातात आणि तशाच बाहेर येतात. वाळूत खुंटी उभी ठोकायची नसते, पुरायची असते. झावळीच्या दांड्याचा हातभर तुकडा, नारळाचं सोडण किंवा वाळूने भरलेली कापडी पिशवी घ्या. ताणाची दोरी तिच्या बरोबर मधोमध बांधा. कोपरभर खोल खड्डा करा, दोरी जाईल त्या बाजूला खड्ड्यापासून तंबूकडे एक तिरकी चर खणा, दांडा दोरीला काटकोनात आडवा टाका, वर वाळू लोटा आणि पायाने दाबा. असेल तर वर थोडं पाणी ओता, ओली वाळू जास्त धरते. चर खणायची ही पायरी लोक गाळतात. मग दोरी वर ओढली जाते आणि दांडा हळूहळू पृष्ठभागावर येतो. निघताना सगळं उकरून काढा. प्लॅस्टिकच्या पिशव्या पुरू नका, त्या पुढच्या उधाणात समुद्रात जातात.

जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, खुंटी वाकते. तिथे दोरीच्या टोकाला लहान दगड किंवा काडी बांधा आणि तिच्या पुढे, तंबूच्या बाजूला, मोठा धोंडा ठेवा. दोरी धोंड्याखालून जाते, लहान दगड मागे अडकतो, ताण धोंड्यावर येतो. जांभा खरखरीत असतो, दोरी घासून रात्रीत तुटते, म्हणून मध्ये फडक्याचा तुकडा घाला. खाचा असतील तर सहा इंची लोखंडी खिळे चांगले बसतात. सड्यावर दगड उचलताना हात थेट खाली घालू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर फुरसं हा विषारी साप भरपूर, आणि लाल विंचूही. आधी काठीने दगड उलटा, मग हात लावा. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात रूढ केला आणि त्यामुळे मृत्यू फार कमी झाले, पण त्यासाठी माणूस दवाखान्यात वेळेवर पोचला पाहिजे. इनरची चेन दिवसभर, तंबू रिकामा असतानाही, पूर्ण बंद ठेवायची. बूट आत घ्यायचे किंवा सकाळी झटकून घालायचे.

तंबूखाली जादा कापड घालायचं तर जुना फ्लेक्स उत्तम. दोन माणसांच्या तंबूखालचा तुकडा किलोभर वजनाचा होतो, त्यामुळे ट्रेकला नको, गाडीत असू द्या. तो तंबूच्या जमिनीपेक्षा चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर लहान कापा. बाहेर डोकावणाऱ्या फ्लेक्सवर पाऊस आणि दव साचतं आणि थेट तुमच्या पाठीखाली वाहत येतं.

तंबू कुठवर, भरती कुठवर

कितीही चांगला तंबू चुकीच्या जागी लावला तर उपयोग नाही, आणि किनाऱ्यावरची चुकीची जागा संध्याकाळी ओळखू येत नाही. लोक पौर्णिमेला मुद्दाम येतात. नेमकी तेव्हाच उधाणाची भरती असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते हा कोकणातला जुना हिशेब आहे: अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे संध्याकाळी साडेपाचला, तुम्ही जागा शोधत असता तेव्हा, पूर्ण ओहोटी असते आणि पुळण मैलभर मोकळी दिसते. सहा तासांनी, सगळे झोपलेले असताना, महिन्यातलं सगळ्यात वर चढणारं पाणी येतं. ठिकाणाप्रमाणे अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो, आणि भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. उत्तर कोकणात भरती-ओहोटीतला फरक जास्त, दक्षिणेला कमी होत जातो, तेव्हा अलिबागकडच्या अंदाजावर मालवणात किंवा उलट चालू नका.

खुणेसाठी वाळूत पसरलेली, जांभळ्या फुलांची मर्यादवेल बघा. समुद्राचं पाणी रोज पोचतं तिथे ती वाढत नाही. तंबू तिच्या जमिनीकडच्या बाजूला, वेल न तुडवता लावा. ओहोळाच्या मुखाशी किंवा खाडीच्या काठाला लावू नका, तिथे भरती मागून येते.

वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे वाळूवर मुक्काम नको, आणि किनाऱ्याकडे तोंड करून दिवेही नकोत: अंड्यातून निघालेली पिल्लं उजेडाकडे जातात आणि समुद्राऐवजी तुमच्या तंबूकडे येतात. किनाऱ्यामागच्या वाडीत घरवाल्यांना विचारलं तर अंगणात जागा मिळते. इतर ठिकाणीही वाडी कुणाची, जमीन कुणाची ते विचारूनच खुंटी ठोका. किल्ल्यांवरच्या मुक्कामाचे नियम त्या त्या ठिकाणी आधी विचारून घ्या.

हवामानखात्याचा अंदाज निघायच्या दिवशी बघा. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं, तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्याला समांतर गेलं, आणि फयान तर नोव्हेंबर २००९ मधलं. विजा चमकायला लागल्या की तंबू सोडून पक्क्या घरात किंवा गाडीत जायचं, तंबू विजेपासून काहीही वाचवत नाही. आत स्टोव्ह नाही, शेगडी नाही, मच्छर अगरबत्तीही नाही. पॉलिएस्टर वितळून अंगाला चिकटतं, आणि शेगडीचा वायू झोपेतच जीव घेतो.

मीठ, वाळू आणि पावसाळ्यातला माळा

तंबू वापरून जेवढा बिघडतो त्यापेक्षा ठेवून जास्त बिघडतो. खारी हवा चेनच्या धातूच्या सरकणीला आणि पोलच्या सांध्यांना खाते, वाळूचे कण चेनचे दात झिजवतात. घरी आल्यावर त्याच दिवशी तंबू झटका, गोड्या पाण्याने धुवा, चेन जुन्या टूथब्रशने घासा, पोलचे सांधे ओल्या फडक्याने पुसून सुकवा. वॉशिंग मशीन नको, डिटर्जंट नको, दोन्हींनी लेप निघतो. सावलीत वाळवा. चेन बंद होऊनही मागून उघडत असेल तर दात बहुतेक ठीक असतात, सरकणी सैल झालेली असते. पक्कडीने तिच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबल्या की ती पुन्हा धरते.

ओला तंबू पिशवीत कोंबून कोकणातल्या दमट उकाड्यात ठेवला की दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते कायमचे. त्याहून वाईट, आतला पॉलियुरेथेनचा लेप ओलाव्याने हळूहळू विरघळतो. म्हणून मे महिन्यात शेवटचा वापर झाला की पूर्ण वाळवून, मूळच्या घट्ट पिशवीत न भरता, जुन्या सुती चादरीत सैल गुंडाळून माळ्यावर ठेवा. भिंतीला टेकवू नका. श्रावणात ऊन पडलं की एकदा काढून तासभर हवेला धरा.

सेकंडहँड किंवा भाड्याचा तंबू घेताना हाच लेप तपासा. वर्षातून एखाद-दुसरी रात्र काढणाऱ्याला भाड्याचाच परवडतो, आणि सेकंडहँडमध्येही चांगला माल मिळतो. फ्लायची आतली बाजू हाताला चिकट लागली, आंबूस वास आला किंवा पांढरे पापुद्रे निघाले, तर लेप गेला. असा फ्लाय सीलर लावून सुधारत नाही. मालक निम्म्या किमतीत देत असला तरी घेऊ नका. पण त्याचा इनर शाबूत असेल तर त्यापुरते दोन-तीनशे रुपये द्यायला हरकत नाही: पोलसकट तो पडवीत उभा राहतो, मच्छरदाणी म्हणून वर्षानुवर्षं चालतो, आणि आपल्या तंबूचा पोल चिरला की जाडी जुळणारे तुकडे त्यातून निघतात.